पुढचे दोन दात

मंगळवारी सकाळी नऊ वाजता किशोरी पाटी रंगवायला बसली तेव्हा तिला एकच काळजी होती, अक्षरं वाकडी येऊ नयेत. साडेनऊपर्यंत तिच्या डोक्यात काळज्यांचा बाजार भरला, आणि त्यात अक्षरांना कुणी विचारेना.

पाटी शाळेची होती. नव्या पनवेलच्या पलीकडे, विचुंब्याच्या अंगाला एका शाळेने आवारात नामशेष प्राण्यांची बाग करायला घेतली होती, आणि त्यातला सगळ्यात मोठा प्राणी हरेशच्या गणपतीच्या कारखान्यात तयार झाला होता. कारखाना म्हणजे गाढी नदीच्या बाजूला पत्र्याची लांबलचक शेड. तिथे बाराही महिने गणपती होतात, दुसरं काही होत नाही. पण शाळेच्या विज्ञानाच्या रुचिरा मॅडम फेब्रुवारीत आल्या, भिंतीला ओळीने टेकवलेल्या पाचशे मूर्ती बघून म्हणाल्या, "हे ज्यांना जमतं त्यांना काहीही जमेल," आणि हरेश तिथेच विरघळला. हरेशला शिव्या पचतात, स्तुती पचत नाही.

प्राणी ऑस्ट्रेलियातला. गेंड्याएवढं धूड, तोंड अस्वलासारखं, खाणं झाडपाला, आणि एवढा आकार असून मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. चाळीसेक हजार वर्षांपूर्वी त्याचा वंश संपला. नाव डिप्रोटोडॉन. हे नाव कारखान्यात कुणाच्या जिभेवर बसेना. दोन दिवस खटपट करून सगळ्यांनी त्याला 'वाहन' म्हणायला सुरुवात केली. "वाहनाच्या पोटाला जाळी ठोकली काय?" "वाहनाचा मागचा पाय आत वळव रे." देवाच्या कारखान्यात आलेलं जनावर म्हणजे वाहनच असणार, त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

किशोरीला मात्र त्या जनावराची ओढ होती ती वेगळ्याच कारणाने. मूर्तीचं सगळं काम झालं की शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. बाकीची कामं दहा हातांत वाटली जातात, आखणीचा हात एकच असतो, आणि गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं विचारतं, "यंदा डोळे कुणी केले?" हरेशच्या वडिलांनी, महादेवबाबांनी, पन्नास वर्षं आखणी केली. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर परत आली, पण हात कापायला लागला. किशोरी चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून मूर्तींना दात लावत होती, पीतांबर रंगवत होती, आणि तिरप्या नजरेने त्यांचा कुंचला बघत होती. घरी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी तिने डोळे काढून काढून भरल्या होत्या. नवरा म्हणायचा, कपाट उघडायची भीती वाटते, हजार जण बघतात.

त्या कारखान्यात आजवर बाईने आखणी केली नव्हती. मार्चमध्ये तिने मनाचा हिय्या करून विचारलं, तेव्हा हरेश डोकं खाजवत म्हणाला होता, "पेनहून मानूस बोलवनार होतो गो मी. पन बग, ह्या वाहनाचा तोंड तू कर. शाळेत नीट पार पडला तर यंदाची आखणी तुझी. कायतरी इस्कोट झाला, तर मंग मना बोलू नको."

तिने जनावराचं तोंड महिनाभर घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. कान तीनदा बदलले. हरेश म्हणाला, आता पुरे, नाय तर ते जनावर स्वतःच उठून जाईल. सोमवारी दुपारी ते टेम्पोत चढलं, संध्याकाळी शाळेत उतरलं, आणि आज बारा वाजता पाहुण्यांच्या हस्ते बागेचं उद्घाटन होतं. हरेश आणि टेम्पो भरणारा बुधा सकाळीच तिकडे गेले होते. किशोरीने फक्त पाटी पुरी करून न्यायची होती.

पाटीवरचा मजकूर रुचिरा मॅडमनी सकाळी आठला मोबाइलवर पाठवला होता. वर ठळक अक्षरांत नाव, खाली चार ओळी. किशोरी मोबाइल डब्याला टेकवून एकेक शब्द उतरवत होती. नाव झालं. 'पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांमधला आजवरचा सर्वात मोठा' झालं. मग तिसरी ओळ आली.

'डिप्रोटोडॉन या नावाचा अर्थ, पुढे आलेले दोन दात.'

'दोन'चा काना काढता काढता तिचा हात थांबला. रंगाचा थेंब कुंचल्याच्या टोकाला जमला आणि पाटीवर पडला. तिने तो पुसला नाही.

दोन.

आणि मग तिला शनिवारची दुपार दिसली, अगदी लख्ख. जनावराचं तोंड डोळ्यांसमोर, हातात लांबीचा, म्हणजे पुट्टीचा गोळा. आधी उजवा दात, वीतभर, पुढे आलेला, टोकाला थोडा बाक. मग डावा. डावा केला, अर्ध्यावर सुरीने कापला, ओल्या बोटाने टोक गोल केलं, म्हणजे कापलेलं दिसू नये. मग दोन्हींना मोतिया रंगाचे दोन हात. मग चहा.

गणपतीचा उजवा दात अखंड असतो, डावा मोडका. चौदा वर्षं, दिवसाला चाळीस मूर्ती, चाळीस अख्खे दात आणि चाळीस मोडके. तिचं डोकं त्यात कधी नसतंच. डोकं भाजीचं बघतं, पोरीच्या शाळेचं बघतं, सासूच्या गुडघ्याचं बघतं, आणि हात आपले दात लावत असतात. शनिवारी डोकं त्या जनावराच्या कानांत अडकलं होतं, आणि हातांनी नेहमीचं काम चोख करून ठेवलं.

तिचं धाबं दणाणलं. ती उठली आणि भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. मॅडमनी दिलेलं मोठं चित्र, रंगीत, पण बाजूने काढलेलं. उजवी बाजू. त्यात एकच दात दिसत होता, दुसरा त्याच्या आड. महिनाभर ती या चित्राकडे बघत होती. मॅडम शेवटच्या येऊन गेल्या तेव्हा दात लागलेच नव्हते. आणि बाकीचे? शेडमध्ये चौदा माणसं. सगळ्यांनी जनावराला समोरून बघितलं होतं, हरेशने तर तोंडासमोर उभं राहून फोटो काढला होता. कुणालाही काही खुपलं नाही. खुपणार कसं? एक अख्खा, एक मोडका, हेच तर त्यांच्या नजरेला बरोबर होतं. चौदा जणांच्या डोळ्यांदेखत तिने चूक केली होती आणि चौदा जणांनी ती बरोबर म्हणून पास केली होती.

नाही, तेरा जणांनी.

आठवलं तशी ती पुन्हा पाटावर बसली. काल जनावर निघताना त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं होतं. देव कारखान्यातून निघतो तो तोंड झाकूनच निघतो, मग वाहनाचंही झाकायला हवं, असं महादेवबाबांनी सांगितलं. फडकं बांधायला बुधा वर चढला. बुधा कातकरी वाडीतला. वीटभट्ट्या बंद व्हायला आल्या की तो आणि त्याची बायको बुधी कामाला इकडे येत, ते थेट चतुर्थीपर्यंत. माती मळणं, मूर्ती उचलणं, टेम्पो भरणं ही कामं त्याची. फडकं हातात धरून बुधाने विचारलं होतं, "ताई, याचा येक दात मोडलाय काय?"

सगळे हसले; हरेश तेवढा पुढे टेम्पोवाल्याशी बोलत होता. कुणीतरी म्हणालं, बुधाला आता दात मोजायला बसवा. आणि किशोरी, ती स्वतः, हसत म्हणाली होती, "अरे, येकच असतो पुरा." बुधा ओशाळला आणि त्याने गाठ मारली.

चूक पाहणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला तिने हसण्यावारी नेलं होतं. तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. पण लाज बाजूला ठेवायला तिच्याकडे भरपूर कारणं होती. घड्याळात पावणेदहा झाले होते.

तिने राहिलेल्या दोन ओळी कशाबशा पुऱ्या केल्या. पिशवीत जोडकामाच्या एमसीलची दोन पाकिटं घातली, सुरी, कानस, तारेचा तुकडा, मोतिया रंगाची डबी. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली. महादेवबाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "एवढी कशाला घामाघूम झालीस गो?" ती म्हणाली, "गरमी हाय बाबा." मे महिना होता, तेव्हा ते खोटं तरी कसं म्हणायचं?

रिक्षात बसल्यावर तिने हिशोब मांडला. अकराला पोचायचं. जनावराच्या तोंडाशी कुणी नसताना शिडी लावायची. विचारलंच तर म्हणायचं, शेवटचा हात फिरवते. अर्ध्या तासात दात उभा. रंग ओला राहील, राहू दे. पाहुणे काय दाताला हात लावून बघणार आहेत? हरेशला कळायचं कारण नाही, मॅडमना कळायचं कारण नाही. चूक तिने केली, तीच निस्तरेल, कुणाचं काही बिघडत नाही.

एसटी स्टँडच्या पुढे रिक्षा अडकली. न्हावा शेव्याकडून आलेले दोन ट्रेलर वळणावर एकमेकांना आडवे झाले होते आणि तिसरा त्यांना वाट विचारत असल्यासारखा मध्येच थांबला होता. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, खिशातून तंबाखू काढली. किशोरी म्हणाली, "दादा, आतल्या रस्त्याने घ्या ना." तो म्हणाला, "ताई, आतल्या रस्त्याने गेलेलेच हे सगळे इथे बाहेर पडलेत." ती मांडीवरची पाटी घट्ट धरून बसली. दहा वाजून पाच मिनिटं. दहा वाजून बारा. तिच्या तळहातांच्या घामाने वर्तमानपत्र ओलं झालं.

दहा वाजून चौदा मिनिटांनी हरेशचा फोन आला.

"किशोरी, निंगालीस काय? लवकर ये. हितं लफडा झालाय."

"काय झाला दादा?"

"दात मोडला गो वाहनाचा! मॅडमनी फडकं सोडला आन् बोलली, हा दात कुठं हाय. त्या बुद्यानं काल उतरवताना आपटला असंल. आन् वर मना सांगतो, आधीच मोडका व्हता. चोर तो चोर, वर शिरजोर! एमसील घेऊन ये."

"कुठला दात?" तिने विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं.

"डावा. ये लवकर."

फोन बंद झाला, आणि किशोरीला सुटल्यासारखं वाटलं. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं एका क्षणात उतरलं. सुंठीवाचून खोकला गेला. कुणाची नजर चुकवायला नको, शिडी चोरून लावायला नको, उलट तिला बोलावलंच होतं. ती तिथे जाईल, मोडलेला दात जोडून देईल, आणि आखणी तिची. दोन ट्रेलर बाजूला झाले, रिक्षा उड्डाणपुलावर चढली, तोंडावर गरम वारा आला, आणि पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत तिला बुधाची आठवण झालीच नाही.

झाली तेव्हा तिने स्वतःला समजावलं. हरेश तापट आहे, तासाभरात थंड होतो. बुधाला चार शब्द ऐकवेल आणि विसरेल. दरवर्षी एखादी मूर्ती फुटते, दरवर्षी हरेश कुणावर तरी ओरडतो. त्यात काय एवढं?

शाळेच्या आवारात मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरे कपडे, दारात रांगोळी. बागेत जनावर सिमेंटच्या कट्ट्यावर उभं होतं, एवढं मोठं, एवढं शांत, आणि तोंडात एक दात पुरा, एक अर्धा. आता तिला दुसरं काही दिसेचना. इतके दिवस कसं दिसलं नाही, याचं नवल वाटायला लागलं.

रुचिरा मॅडम धावत आल्या. "किशोरीताई, थँक गॉड! आम्ही मुलांना आठवडाभर शिकवलंय, टू फॉरवर्ड टीथ, टू फॉरवर्ड टीथ, आणि आता याला दीडच. होईल ना बाराच्या आत?"

"होईल, मॅडम."

हरेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तोंड लाल. "कर बाय, कर. तू हायस म्हनून. नाय तर आज नाक कापला व्हता."

"बुधा कुठं हाय?"

"तुकडा शोधतोय. बोललो त्याला, तुकडा घेऊन ये, नाय तर उद्यापासून येऊ नको. तू नको न् तुझी बायको पन नको. तुकडा भेटला तर कबूल तरी करंल."

किशोरीने वळून पाहिलं. गेटच्या बाहेर, जिथे काल टेम्पो उभा होता, तिथे बुधा उकिडवा बसून खडी हाताने बाजूला करत होता. एकेक खडा उचलून बघत होता आणि खाली ठेवत होता. काल टेम्पोतून उतरवलेला भाताचा पेंढाही त्याने रस्त्यावर पसरला होता. डोक्यावर ऊन. जो तुकडा कधी नव्हताच, तो बुधा शोधत होता.

आता सांगावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. पण मॅडम घड्याळ बघत होत्या, हरेश शिडी ओढत होता, आणि ती स्वतःला म्हणाली, आधी दात, मग बाकीचं. ती शिडी चढली.

कानस मारून खालचा रंग काढायला हवा होता, म्हणजे एमसील नीट धरतं. पण कानस मारली की मोतिया रंगाचा भुगा खाली पडणार, आणि खाली हरेश उभा. मोडलेल्या टोकावर रंग कसा, हे त्याच्या ध्यानात यायला एक क्षण पुरला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिने कानस पिशवीतच ठेवली, तार वळवून बसवली आणि मळलेला गोळा तसाच रंगावर चढवला. दात वाढत गेला. बोटांनी त्याला बाक दिला, टोक चपटं केलं, उजव्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. सव्वाअकराला दोन दात जोडीने पुढे आले होते. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. कट्ट्याशी पाटी उभी केली.

हरेशने दूर जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "वा गो! रंग दिला की कुटं जोड पन दिसायचा नाय. हे बग, मी शब्दाचा पक्का हाय. आज संध्याकाळी बाबांना सांगतो, यंदाची आखणी किशोरीची."

चौदा वर्षं जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. शिडीच्या पायरीवर उभी राहून ऐकलं, आणि तिला काहीच वाटेना. हात रंगाच्या डबीचं झाकण उघडत होते आणि ते उघडत नव्हतं.

"ताई."

बुधा खाली येऊन उभा होता. गुडघ्यांना, कोपरांना धूळ, पापण्यांवरही धूळ. त्याने तळहात वर केला. त्यावर अंगठ्याएवढा पांढरा तुकडा होता, कुठल्या तरी फरशीचा, एका बाजूला चकाकी असलेला.

"ताई, ह्यो आसंल काय?" तो म्हणाला. "बगा ना. मना वाटला व्हता आधीच मोडका हाय, पन समदी हासली, म्हंजे माझीच नजर फसली आसंल. ह्योच आसंल काय?"

त्याचा आवाज आशेने भरलेला होता. एका कपचीच्या जोरावर तो न केलेला गुन्हा कबूल करायला तयार होता, म्हणजे उद्या कामावर येता यावं. किशोरीला ते बघवेना.

"बुधा, टाक ते," ती म्हणाली. "तुकडा नवताच. दादा, दात बुधानं नाय मोडला. मीच आखूड केला. शनवारी, लावतानाच. गणपतीसारखा केला."

हरेशने तिच्याकडे पाहिलं, मग बुधाकडे, मग हसला. "बस कर गो. गरीब बगून कळवळतेस. तुझा मन मोठा हाय, मना म्हायती हाय. पन चूक त्याची, ती तू कशाला अंगावर घेतेस?"

"माझीच हाय."

"चौदा वर्सांत येक दात चुकला नाय तुझा, आन् आता सांगतेस चुकला? सगळ्यांनी बगितला ना शेडमदी? मी फोटो काढला. कुनाला दिसला नाय?" आणि तो बुधाकडे वळला. "बग, तुझ्यासाटी बाय खोटा पन बोलते. लाज वाटू दे."

बुधाने मान खाली घातली.

म्हणजे खरं सांगूनही ते खोटं ठरलं होतं, आणि वर तिला मोठेपणा मिळाला होता. इथे थांबली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. तिने सांगितलं होतं की. गेटजवळ मुलांची रांग लागत होती. ढोल वाजवून बघणारं कुणीतरी एक थाप मारून थांबलं. साडेअकरा झाले होते.

किशोरीने नवा दात मुठीत धरला आणि पिरगळला. एमसील अजून ओलसर होतं. ते तारेसकट हातात आलं.

"अगं ए!" हरेश ओरडला. मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

"वर ये दादा," ती म्हणाली. "हात लावून बग."

तो शिडी चढून आला. तिने त्याचं बोट धरलं आणि जुन्या अर्ध्या दाताच्या टोकावर ठेवलं. टोक गोल होतं, गुळगुळीत, ओल्या बोटाने फिरवलेलं. त्यावर मोतिया रंगाचे दोन हात वाळून घट्ट बसलेले होते.

"मोडक्यावर रंग कोन देतो, दादा?" ती म्हणाली.

हरेश मूर्तिकाराचा मुलगा होता. त्याचं बोट त्या टोकावर दोनदा फिरलं, आणि मग तसंच राहिलं. असे दात त्याच्या हाताखालून हजारांनी गेले होते. शिडीवरून उतरला, मांडवाच्या खांबापर्यंत गेला, परत आला. बुधाकडे न बघता म्हणाला, "उद्या ये. दोघंबी या." मग वर बघून, आवाज खाली आणून, "किशोरी, पेनच्या मानसाला मी फोन करतो. नाय करून कसा चालंल? शाळेत आज असा, उद्या देवाचे डोळे... नाय. राग मानू नको."

"नाय मानत," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने खांद्याला पुसलं, कारण हात एमसीलने भरले होते.

"ताई, अर्धा तास," रुचिरा मॅडम हळूच म्हणाल्या. "होईल का परत?"

किशोरीने मान डोलावली. यावेळी तिने कानस घेतली आणि रंग खरवडायला लागली. पांढरा भुगा खाली पडत राहिला. शिडी हलत होती, जमीन तिथे उंचसखल होती, म्हणून ती एका हाताने जनावराचा कान धरून उभी होती.

बुधा अजून तिथेच उभा होता. त्याने तो फरशीचा तुकडा खिशात ठेवला नव्हता, टाकलाही नव्हता. वर बघून तो म्हणाला, "ताई, येक इचारू? सकाळी शेठनी तुमाला फोन केला, तवा तुमाला म्हायती व्हता?"

ती नाही म्हणू शकली असती. त्याने विश्वास ठेवला असता. तिच्या हातात कानस होती आणि ती कानस चालायची थांबली.

"व्हय," किशोरी म्हणाली. "म्हायती व्हता."

बुधाने मान हलवली. तुकडा खडीत टाकला, हात धोतराला पुसले, आणि पुढे येऊन शिडी धरली. दात पुरा होईपर्यंत त्याने ती धरून ठेवली, पण वर पाहिलं नाही.